आम्हाला सवय आहे, टीचर

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. सातवीच्या वर्गात म्हणी चालल्या होत्या. ‘कसायाला गाय धार्जिणी’ असं फळ्यावर लिहून मी नेहमीप्रमाणे अर्थ सांगितला, "कसाई म्हणजे निर्दय माणूस. गरीब माणूस अशाच माणसापुढे नमतो."

दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "टीचर, मेरे अब्बा कसाई हैं. वो ज़ालिम हैं क्या?"

वर्ग हसला. मी घाईघाईने म्हणाले, "अगं, तुझ्या अब्बांबद्दल नाही. म्हणच तशी आहे." ती खाली बसली. तास संपेपर्यंत तिने वहीत एक ओळही लिहिली नाही.

घरी जाताना मला माझं बीएडचं वर्ष आठवलं. एका मैत्रिणीने विचारलं होतं, "तू मुसलमान ना? मग मराठी इतकं छान कसं बोलतेस?" माझा चेहरा पडलेला पाहून ती म्हणाली, "अगं, मी तर कौतुक केलं!" तिच्या मनात खरंच वाईट काही नव्हतं. पण दुखावले मी होते आणि तिची समजूतही मीच काढत बसले. त्या दिवशी वर्गात मीही त्या मुलीवर तेच ओझं टाकलं होतं.

आपल्यात जातपात नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. पण जुलाहा, पिंजारी, हजाम हे शब्द आपल्याच घरांत कोणत्या सुरात बोलले जातात, ते आपल्याला ठाऊक आहे. विणकर स्वतःला मोमीन, अन्सारी म्हणवू लागले, पिंजारी मन्सुरी झाले, न्हावी सलमानी आणि कसाई कुरेशी. धंदा लाजिरवाणा नव्हता, लोकांनी त्याच्या नावाची शिवी केली होती. 2020च्या डिसेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. वस्तीची पाटी सरकार बदलेल, आपल्या जिभेचं आपल्यालाच बघावं लागेल.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला बाजूला घेतलं. "काल मी चुकीचं बोलले. तुला वाईट वाटलं. मला माफ कर." पुढे ‘पण’ जोडायचा मोह झाला होता, तो आवरला. वर्गात तिचं नाव काढलं नाही, नाहीतर पुन्हा सगळ्यांच्या नजरा तिच्यावर गेल्या असत्या. तीच म्हण पुन्हा लिहिली आणि विचारलं, "हा म्हणीतला कसाई झाला. आपल्या ओळखीचा कसाई कसा असतो? बकरी ईदला घरात सगळे कोणाची वाट बघतात?" भराभर हात वर झाले. पहाटेपासून घरोघरी धावणारा, सुरी नीट पाजळून घेणारा, जनावराला पाणी पाजणारा माणूस मुलांनीच उभा केला. तीही बोलली.

रविवारी मटण घ्यायला तिच्या अब्बांच्या दुकानात गेले, तेव्हा त्यांनाही झालेलं सांगितलं. ते हसले. "जाऊ द्या हो. आम्हाला सवय आहे, टीचर."

त्यांनी मनापासून माफ केलं होतं, यात शंका नाही. तरी पिशवी हातात घेऊन घरी येताना ते वाक्य डोक्यातून जाईना. इतकी वर्षं तीच म्हण त्याच अर्थाने शिकवली. त्यांना ही सवय लावणाऱ्यांत मीही होते.