केकवरचा राघू

आमच्या सासूबाईंना २०२३ च्या मे महिन्यात पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. मोठा घाट घालायचा नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. "हॉल नको, आहेर नको, आणि भाषणं तर मुळीच नकोत!" तेव्हा घरचीच वीस-बावीस माणसं, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळणं, मसालेभात, मठ्ठा, जिलबी आणि मुलांच्या हट्टासाठी एक केक, एवढंच ठरलं.

केक मी करणार होते. आजकाल बेकरीत फोटो नेऊन दिला की तो खायच्या शाईनं साखरेच्या कागदावर छापून केकवर लावून देतात. आमचे हे म्हणालेसुद्धा, "कशाला जिवाचा आटापिटा? आईचा फोटो देऊन टाकू." पण मला केकवर फोटो नको होता. राघू हवा होता. त्यामागचं कारण सांगायला जड जातं, तरी सांगते.

आईंचं भरतकाम आमच्या नात्यागोत्यात नावाजलेलं. ठेवणीतल्या अभ्र्यांवर त्यांनी भरलेला राघू आहे. आंब्याच्या डहाळीवर मान वळवून बसलेला, हिरवागार, लाल चोचीचा. नक्षी त्यांची स्वतःची. बटरपेपरवर चित्र काढायचं, त्याच्या रेघांवरून सुईनं भोकं पाडायची, तो कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवायचा. की कापडावर ठिपक्याठिपक्यांचं चित्र हजर. या कागदाला त्या 'खाका' म्हणतात. आळीतल्या बायका त्यांचे खाके मागून न्यायच्या. असे पंचवीस-तीस खाके अजून त्यांच्या पेटीत आहेत.

पुढे त्यांचा हात कापू लागला. आधी सुई सुटली, मग दारातली रांगोळी सुटली. पण वाढणं, चहा करणं चालू होतं. २०१९ च्या गौरीजेवणाची गोष्ट. पंगत बसली होती आणि आई कटाची आमटी वाढत होत्या. हात हलला आणि माझ्या जावेच्या पैठणीवर चार थेंब पडले. मी पटकन पुढे झाले, त्यांच्या हातातलं भांडं घेतलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आई, राहू द्या. तुमच्यानं नाही व्हायचं आता."

त्या काही बोलल्या नाहीत. पदराला हात पुसला आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी घरात कोणाला काही वाढलं नाही. चहासुद्धा स्वतःचा स्वतः ओतून घेईनात. पाहुणे म्हणायचे, "सून किती जपते हो! इकडची काडी तिकडे करू देत नाही." आणि मी ते ऐकून घ्यायची! चार वर्षं होत आली तरी मला ते वाक्य परत घेता आलेलं नव्हतं. माफी मागायला जावं, तर त्या म्हणणार, "कसली माफी गं? मला तर आठवतही नाही."

म्हणून तो राघू. मनात म्हटलं, तोंडानं जमत नाही ते हातानं करू.

बटरक्रीमवर चित्र उतरवण्याची एक रीत मी गावातल्याच एका वर्गात शिकले होते. मैत्रिणींनो, ती अवघड नाही, फक्त धीर हवा. आठ इंची केकला २०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी चांगलं फेटून घ्यावं. त्यात चाळलेली ४०० ग्रॅम आयसिंग शुगर थोडी थोडी मिसळावी. दोन चमचे दूध आणि थोडा व्हॅनिला घालून क्रीम हलकं होईपर्यंत फेटावं. केकला सगळीकडून क्रीम लावून झालं की उरलेल्यात रंग कालवावेत. बाह्यरेषेसाठी थोड्या क्रीममध्ये कोको घालावा. नुसत्या काळ्या रंगानं क्रीम कडवट लागतं.

मग चित्राचा कागद एका सपाट ताटाच्या पाठीवर चिकटवावा आणि त्यावर बटरपेपर ताणून बसवावा. मेंदीच्या कोनासारखा कागदाचा कोन करून कोकोच्या क्रीमनं रेघा काढाव्यात. ताट दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवावं, मग रेघांच्या आत रंग भरावेत. सगळ्यावर क्रीमचा एक पातळ थर द्यावा आणि ताट पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवावं. निदान तासभर तरी. चित्र दगडासारखं कडक झालं की ते केकवर पालथं घालून वरचा कागद हळूच सोलून काढायचा.

यात गोम एकच. चित्र पालथं पडतं, म्हणून कागदावर ते आरशात दिसतं तसं उलटं काढावं लागतं. पहिल्या खेपेला मी हे विसरले आणि लेकीच्या वाढदिवसाला केकवर तिचं नाव उलटं उमटलं. मुलांनी आरसा आणून वाचलं! बटरपेपरवरचं चित्र मात्र पारदर्शक असतं, कागद पालथा केला की झालं काम.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी मी आईंच्या नकळत अभ्र्यावरून राघू उतरवून घेतला. दुपारी ताटावर रेघा काढल्या, पिसांत हिरवा भरला, चोचीत लाल भरला. वरचा थर देऊन ताट फ्रीझरमध्ये सरकवलं आणि हुश्श केलं. दहा मिनिटं झाली नसतील तोच वळवाचं वादळ आलं. धूळ, पत्र्यांचा खडखडाट, चार टपोरे थेंब, आणि वीज गेली.

लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळायला लागतं, आणि मे महिन्यात आमचं स्वयंपाकघर त्याहून थंड नसतं. फ्रीझरचं दार बंद ठेवलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. पण मन राहीना. दर पाच मिनिटांनी दार उघडून बघायची, आणि उघडलं की आतला गारवा बाहेर! साडेचार वाजले. सातला माणसं येणार. शेवटी जिवाचा हिय्या करून ताट केकवर पालथं घातलं. कागद सोलला तर राघूचं डोकं कागदालाच राहिलं आणि पिसांचा हिरवा रंग डहाळीवरून वाहत गेला.

मी तिथेच ओट्याला टेकून रडायला लागले. लेक म्हणाली, "आई, अगं, केकच आहे!" तिला काय सांगणार?

दारात सासूबाई उभ्या होत्या. कधी आल्या होत्या, कोण जाणे. त्यांनी केककडे पाहिलं, कागदाला चिकटलेलं डोकं पाहिलं.

"राघू ना हा? माझा?"

मी मान हलवली.

"मग मला विचारायचं नाही का? त्याचा खाका आहे की पेटीत."

त्या वळल्या आणि पेटीतून खाका घेऊन आल्या. पिवळा पडलेला, घडीवर विरलेला कागद. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "हा नको हो लावूस. याला रॉकेल लागलंय, नीळ लागलीय. खायच्या वस्तूला शिवायचा नाही. यावरून नवा कर."

मग आमचं कामच सुरू झालं. खराब झालेलं क्रीम मी सुरीनं काढून टाकलं, ठेवणीतलं पांढरं क्रीम लावून केक सारखा केला. पाचच्या सुमाराला वीज आली, तसा केक फ्रीजमध्ये ठेवला. तोवर लेकीनं नव्या बटरपेपरवर राघू उतरवला. आईंनी जाड टॉवेलची चौघडी करायला लावली, त्यावर कागद ठेवायला सांगितला, आणि आम्ही दोघींनी मोठ्या सुईनं रेघांवरून भोकं पाडली. "फार जवळजवळ नको, कागद फाटेल. फार लांबही नको, चोच कुठे अन् मान कुठे होईल." शेजारी बसून त्या सांगत होत्या. आवाजात चार वर्षांत न ऐकलेला ठसका होता.

कोको एका धुतलेल्या मलमलीच्या फडक्यात बांधून त्यांनी पुरचुंडी करवली. "निळीचं काम कोको करील. आधी कोपऱ्यात करून बघ." अर्ध्या-पाऊण तासानं केक बाहेर काढला. बोटाला क्रीम लागत नव्हतं, म्हणजे वरचा थर बसला होता. पावसानं हवा दमट झाली होती. अशा हवेत गार केकला लगेच घाम फुटतो, तेव्हा वेळ घालवून चालणार नव्हतं. मी कागद सुलटाच अलगद ठेवला. या रीतीत उलटं-सुलटं काही करावं लागत नाही, हाही एक फायदा. पुरचुंडी उचलली आणि क्षणभर थांबले. मग ती आईंच्या पुढे धरली.

"तुम्ही करा."

"अगं, हात कापतो माझा."

"नुसतं आपटायचंच आहे, आई. रेघ कुठे मारायचीय?"

त्यांनी पुरचुंडी घेतली. हात कापत होताच. पण त्या कापण्यानं कोको सारखा झरत होता, भोकाभोकांतून उतरत होता. मी दोन्ही हातांनी कागद घट्ट धरून ठेवला. कागद सरळ वर उचलला आणि खाली ठिपक्यांचा राघू, मान वळवून बसलेला.

त्या ठिपक्यांवरून मी कोननं रेघा काढल्या, लेकीनं पानं भरली. पिसांसाठी कोन आईंच्या हातात दिला. त्या नको नको म्हणाल्या, मग भरू लागल्या. पिसं काही एकसारखी आली नाहीत. पण राघूची पिसं असतात तरी कुठे एकसारखी?

रात्री ओवाळून झालं, केक कापला. डिश भरायला मी पुढे होणार तोच आई म्हणाल्या, "थांब, केक मी देते. हा काही सांडत नाही." प्रत्येकाला त्यांनी आपल्या हातानं दिला. जावेच्या हातात डिश देताना म्हणाल्या, "घे बाई, आज पैठणीला भीती नाही!" सगळे हसले. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी उभं राहिलं. म्हणजे त्यांना आठवत होतं. सगळं आठवत होतं.

रात्री ओटा आवरताना मी म्हटलं, "आई, त्या गौरींना मी बोलले ते चुकलंच माझं."

त्या खाक्याची घडी घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "चुकलं खरं." आणि थोड्या वेळानं, "पुढच्या वेळी कमळ काढू. सोपं आहे."

तेव्हापासून सकाळचा चहा आमच्याकडे आईच देतात. कप अर्धाच भरतात आणि दोनदा देतात. एवढी साधी युक्ती मला चार वर्षं सुचली नव्हती.