पाचव्या चाकामागचे घर

बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना 'उलाळ' म्हणजे काय ते ठाऊक असेल. मागे ओझे जास्त झाले की जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहरी, एका बारा हजार पौंडांच्या घराबद्दल हीच चर्चा ऐकायला मिळेल, असे मात्र मला वाटले नव्हते.

घर माझे मावसभाऊ आप्पा आणि वहिनी यांचे, चाकांवरचे. निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात ते क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात नेऊन दोघे दोन महिने राहतात. अशा घराला तिकडे 'फिफ्थ व्हील', म्हणजे पाचवे चाक म्हणतात. मी मोजली, तर चाके चारच! नाव आले आहे घोडागाडीच्या काळातून. पुढचा आस वळावा म्हणून त्यावर आडवे लोखंडी कडे बसवीत, ते पाचवे. आता त्याच्या जागी पिकअप ट्रकच्या हौद्यात जाड पोलादी तबकडी असते. घराच्या पुढे आलेल्या भागाखालून एक खुंट उतरतो आणि तिच्यात अडकतो. घराच्या वजनाचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा असा ट्रकच्या मागच्या आसावर येतो. त्यामुळे ही जोडी, ट्रकच्या शेपटीला बांधलेल्या ट्रेलरपेक्षा स्थिर चालते.

यंदा जुना ट्रक थकला म्हणून आप्पांनी नवा घेतला. हे नवे ट्रक दिवसेंदिवस उंच का होत चालले आहेत, देव जाणे. हौद्याचा कठडा माझ्या छातीला लागत होता. घर जोडले, आणि त्याने नाक वर केले! सपाट जागेवर आप्पांनी टेप लावला. चौकटीचे पुढचे टोक मागच्यापेक्षा पाच इंच उंच.

"पाच इंचांनी एवढे काय बिघडते?" मी विचारले.

"अरे, घराखाली दोन आस आहेत. नाक वर गेले की मागच्यावर भार वाढतो. टायर तापतात, ब्रेक सारखे लागत नाहीत. दोन्ही कमानपाट्यांच्या मध्ये भार वाटून घेणारी पट्टी आहे, पण ती किती सांभाळणार?"

"मग विकून टाका ते," वहिनी म्हणाल्या. "भर रस्त्यात टायर फुटायचा असेल तर मी यायची नाही. खरे सांगते, भाऊजी."

आप्पा काही बोलले नाहीत. त्या दोन महिन्यांसाठी ते उरलेले दहा महिने काढतात, हे वहिनींनाही माहीत होते.

तबकडी खाली घ्यावी, तर कठडा आणि घराचे पोट यांत सहा इंच अंतर हवे, आणि ते मुळात तेवढेच होते. कमी झाले तर पहिल्याच उंचवट्यावर कठडा घराला धडकायचा. तेव्हा घरच उचलायचे ठरले. वेल्डिंगच्या कारखान्यात चौकट आणि कमानपाट्यांचे आधार यांच्यामध्ये तीन इंची चौकोनी पोलादी नळी बसवली. आस चौकटीच्या मध्याच्या मागे, त्यामुळे तिथे तीन इंच उचलले की मागचे टोक जवळजवळ पाच इंच वर येते. मग छताची उंची मोजली. ॲरिझोनात साडेतेरा फुटांची मर्यादा आहे. त्यात बसले. फक्त दाराची पायरी उंच झाली. वहिनींचे गुडघे दुखरे, म्हणून एक लाकडी चौरंग विकत घेतला. तो खर्च आप्पांनी विनातक्रार केला!

सव्वाशे मैलांच्या वाटेवर दोनदा थांबून आप्पांनी चारही टायरना हात लावून पाहिला. वहिनी आधी ट्रकमधूनच विचारीत होत्या. दुसऱ्या वेळी खाली उतरून त्यांनी स्वतः हात लावला. पुढचे आणि मागचे सारखेच कोमट होते.

क्वार्ट्झसाइटला एक दगडी पिरॅमिड आहे, त्याच्या टोकाला तांब्याचा उंट. अमेरिकन लष्कराने १८५६ साली वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्या एका उंटवाल्याची ही कबर. तो १९०२ साली वारला. स्थानिक लोक त्याला 'हाय जॉली' म्हणतात. मूळ नाव हाजी अली! मुंबईकराला दुसरे काय हवे?

आमच्या शेजारी मिनेसोटाहून आलेले एक म्हातारे जोडपे उतरले होते. त्यांचाही ट्रक नवा, आणि घर आभाळाकडे पाहत होते. संध्याकाळी ते गृहस्थ आमच्या घराभोवती दोन फेऱ्या मारून गेले, मग दारात येऊन उभे राहिले. आप्पा टेप घेऊन निघाले.

"चहा निवतोय," वहिनी म्हणाल्या. आणि चौरंगावर पाय देऊन त्याही खाली उतरल्या.