थोटूक

देह नाशवंत आहे, हे कीर्तनात ऐकून ऐकून आपल्याला पाठ झालेले असते. सिगारेटचे थोटूक मात्र देहाहून चिवट निघेल, असे कुठल्याच बुवांनी सांगितले नव्हते.

आमचे काका विडी ओढीत. टेंभुर्णीचे पान, आत तंबाखू आणि वर दोऱ्याचा वेढा. अंगणात टाकलेल्या त्या थोटकाचे पावसाळ्यात काय होई, हे मी कधी पाहिले नाही; पाहायला काही उरतच नसे.

सिगारेटच्या टोकाचा फिल्टर दिसतो कापसासारखा. पण असतो बहुधा सेल्युलोज ॲसिटेटचा. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजवर सिरक्याच्या आम्लाचे संस्कार करून हा तंतू बनवितात. मूळ सेल्युलोज हे मातीतल्या जंतूंचे रोजचे अन्न. पण त्याच्या साखळीवर ॲसिटेटचे गट दाटीने बसले, की जंतूंच्या पाचकरसाला शिरकावच मिळत नाही. आधी ते गट सुटायला हवेत, आणि ते काम फार धिमे. ऊन त्याचे तुकडे करते खरे. पण तुकडे होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. इटलीतील एका अभ्यासात (२०१५) दोन वर्षांनंतरही थोटकांचे वजन ४० टक्केसुद्धा घटले नव्हते. ओढलेल्या थोटकातले विष पाण्यात उतरते, ते निराळेच.

गंमत अशी, की याच पदार्थाच्या फितीवर जुने चित्रपट उतरविलेले आहेत. बंद डब्यात, दमट उष्म्यात त्या फितींतून आम्ल सुटते. ते तिथेच कोंडून नाश आणखी वाढविते आणि सिरक्याचा वास येऊ लागतो. त्या जपण्यासाठी थंड, कोरड्या खोल्या लागतात. उघड्यावरच्या थोटकातले आम्ल मात्र वाऱ्यापावसाबरोबर निघून जाते. जपायचे ते नासते, नासायचे ते टिकते!

१९५० साली धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध पुढे आला, आणि त्या दशकात फिल्टरचा खप वाढला. ओढणाऱ्याला दिलासा मिळाला. संरक्षण मिळाले नाही.

म्हणून विडीचे गोडवे गावेत, असे मला वाटत नाही. काका खोकून खोकून गेले. पान मातीत मिसळले. धूर छातीत राहिला होता.

शाळेचे मैदान झाडताना मुले विचारतात, ‘सर, हा कापूसच ना? कुजेल की!’ त्यांना मी दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगतो. विडी मातीत मिसळते म्हणून ती बरी नव्हे; आणि फिल्टर कापसासारखा दिसतो म्हणून तो कापूस नव्हे.