कर्जाचे कारण : आजारपण

आषाढातील गोष्ट आहे. गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यातील सून सासूबाईंना घेऊन माझ्या दवाखान्यात आली. सासूबाईंचे वय सत्तरीपुढचे. चक्कर येत होती, हातापायांत बळ नव्हते, वजन चार किलोंनी उतरले होते. रक्तदाब, साखर, छाती यांत काही सापडले नाही. कागदावर ‘भूक मंद’ अशी नोंद करून मी शक्तीचे औषध लिहून दिले. आम्हा डॉक्टरांचा हात त्या बाटलीकडे फार लवकर जातो, हे कबूल केले पाहिजे.

निघताना सून घुटमळली. “डॉक्टर, औषधाला हजार रुपये लागतील अशी चिठ्ठी द्याल? बचत गटातनं कर्ज काढायचं हाय. आजारपणाला लगेच देतात.”

औषध त्याच्या चौथाईतही बसत होते. मी जरा कठोरपणेच कारण विचारले.

“डाळ, तेल, शेंगा भरायच्या हायत. पाऊस लागल्यापासनं रोजगार नाही. आत्याबाई भूक नाही म्हणून तशाच निजतात.”

वाचकहो, ज्याला मी लक्षण समजलो होतो, तो त्या माऊलीने नातवंडांसाठी केलेला त्याग होता.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. तो आधार मोठा आहे; परंतु वृद्धाच्या शरीराला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १ ग्रॅम प्रथिने हवीत, आणि ती नुसत्या भात-भाकरीने भागत नाहीत. ही उणीव भरून काढणारी उसनवारी पूर्वी सावकाराच्या किंवा दुकानदाराच्या वहीत होई. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडण्यास आरंभ केला, २०११पासून ‘उमेद’ अभियान आले, आणि बायकांच्या स्वतःच्या बचतीतून अंतर्गत कर्ज मिळू लागले. गटांच्या दशसूत्रीत आरोग्यही आहे. तरीही कर्जाचे कारण ‘जेवण’ असे सांगताना त्या सुनेची मान खाली गेली होती.

मी चिठ्ठी लिहिली, पण खोटी नाही. तूरडाळ, शेंगदाणे, हुलगे, नाचणी, तेल. दोन्ही वेळच्या जेवणात, औषध म्हणून. गटाने ती मानली. वहीत काय कारण लिहिले, ते मी विचारले नाही.

याची दुसरी बाजूही मी पाहतो. हप्ता चुकू नये म्हणून काही घरांत प्रथम म्हाताऱ्यांचे दूध बंद होते. कर्ज काढण्यापूर्वी हप्ता कोणाच्या ताटातून जाणार, हे घरात बसून बोला. वडीलधाऱ्यांचे वजन महिन्याला एकाच काट्यावर करा, आणि रात्री त्यांच्या पंक्तीला बसा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डाळी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दसऱ्यानंतर दोघी पुन्हा आल्या. वजन दीड किलोने वाढले होते. दोन हप्ते राहिलेत, असे सून म्हणाली. बाटली अजून फोडलेली नाही, ती परत घेता का, असे सासूबाईंनी विचारले.