राणीची ओली फरशी

माणूस जवळ येताच कुत्रं अंग चोरून लघवी करतं, तो हट्ट नसतो. "मी लहान आहे, मला मारू नका," असं ते अंगानं सांगत असतं. रागावलं की भीती वाढते आणि लघवीही.

आमच्या राणीला यावरूनच सोडून यायचं घरात ठरत होतं. मी महिनाभर मागून घेतला. आधी जनावरांच्या डॉक्टरांकडून संसर्ग नाही ना, ते तपासून घेतलं. मग भेटीगाठी अंगणातच. आल्या आल्या तिच्याकडे बघायचं नाही, वरून वाकायचं नाही; ती शांत झाली की बाजूला बसून हनुवटीखाली खाजवायचं. फरशी न बोलता पुसायची. अहिंसा आवाजातही पाळावी लागते.

अजून कधीतरी चार थेंब सांडतात. सासूबाईच फडकं घेतात. राणी राहिली.