ओसरीवरचे राम राम

पाहुणा उंबऱ्याशी आला की पाय धुवायला पाण्याचा तांब्या जायचा आणि मागोमाग आम्हा भावंडांची रांग. ‘पाया पडले का नाही रे?’ हा आजीचा आवाज स्वयंपाकघरातून यायचाच. त्याशिवाय खेळायला सुटका नाही.

मामाजी आले की मात्र सगळं उलटं. पांढऱ्या मिशांचा, धोतर-टोपीतला तो माणूस आमच्या धाकट्याच्या पायांना हात लावून कपाळाला लावायचा. पाच वर्षांचं पोर लाजून आईमागे दडे. मामाजी तिथवर जाऊन पाय धरत आणि मुठीत रुपया कोंबत. आमच्याकडे भाचा मानाचा, मग तो शेंबडा का असेना. पुण्याहून आलेली नवी काकू हे पाहून हबकलीच. तिच्या माहेरी भाच्यानं वाकायचं.

बायकांची तऱ्हा वेगळी. आई डोक्यावरचा पदर सारखा करून त्याचं टोक दोन्ही हातांत धरी आणि वाकून तीनदा नमस्कार करी. भासऱ्यांना, म्हणजे थोरल्या दिरांना, तर लांबूनच. आजीचा आशीर्वाद ठरलेला, ‘अखंड सौभाग्यवती हो.’ तरुणपणीच विधवा झालेली आत्या त्या वेळी मागच्या अंगणात काही ना काही काम काढून बसे. जुन्या मानपानाचं कौतुक करताना हेही आठवतं, आणि कौतुक जरा आवरतं घ्यावं लागतं.

खरी मौज दसऱ्याच्या संध्याकाळी. आपट्याची पानं खिशात कोंबून आम्ही घरोघर सोनं वाटत हिंडायचो, घरातले वडीलधारे आबाजी ओसरीवर बाजेवर बसून लोकांचं सोनं घ्यायचे. शेतकरी ‘राम राम’ करत. तुकडोजी महाराजांच्या भजनी मंडळातले ‘जय गुरु’ म्हणत. बौद्धपुऱ्यातले ‘जय भीम’. पवनारला विनोबांकडे जाऊन-येऊन असणारे एक खादीधारी गुरुजी ‘जय जगत’ म्हणत. विनोबांनी ते भूदानाच्या पदयात्रेत १९५७ साली दिलं, हे त्यांनीच आम्हाला सांगितलेलं. शेजारचे एक म्हातारे ‘जय भीम’ ऐकून नुसती मान हलवत, तोंड उघडत नसत. आबाजी तसे काही क्रांतिकारक नव्हते, पण समोरचा जे म्हणेल तेच मोठ्यानं परत म्हणायची त्यांची रीत होती. म्हणून दसऱ्याला कुणी अनोळखी आला, की तो आधी काय म्हणतो याची वाट पाहत ते हात जोडून गप्प बसत.