नळाला बांधलेलं फडकं

आमच्या मंडळीत मी साक्ष चांगली देतो, असं माझं नाव होतं. घरगुती प्रार्थनासभा कुणाकडेही असो, गाणी आणि शास्त्रपाठ झाला की पाळकसाहेब माझ्याकडे बघायचे. मग मी उभा राहून सांगायचो: दारूच्या नादी कसा लागलो, पगार घरी कसा पोचत नसे, एका पहाटे एसटी स्टँडच्या बाकावर शुद्धीवर आलो तेव्हा प्रभूने कसं हाताला धरलं. ऐकताना बायका डोळे पुसायच्या. 'प्रभूची स्तुती असो,' असं कुणीतरी मोठ्याने म्हणायचं.

यातलं काहीच खोटं नव्हतं. दारू सुटली ती सुटलीच. आज २२ वर्षं झाली, थेंबालाही शिवलेलो नाही. माझी चूक दुसरीकडे होती आणि ती कळायला ११ वर्षं जावी लागली.

दारू सुटल्यावर मी पहाटे पाचला उठून बायबल वाचू लागलो. पुढच्या खोलीत टेबल, दिवा आणि शेजारी 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक. त्या तासात घरात जरा आवाज झाला तरी मला खपायचा नाही. भांडं पडलं, दार करकरलं, की मी ओरडायचो, "मी देवाशी बोलतोय, एवढंही कळत नाही का?" मग पुन्हा डोळे मिटून प्रार्थना चालू. आपला राग देवाच्या बाजूचा आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

एका पहाटे पाणी प्यायला म्हणून मधेच उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारात गेलो. बायको नळाशी उभी होती. नळाच्या तोंडाला तिने जुन्या साडीचं फडकं बांधलं होतं आणि त्याचं टोक थेट हंड्याच्या तळाशी सोडलं होतं. पाणी फडक्यावरून ओघळत हंड्यात उतरत होतं, अजिबात आवाज न करता. मांडणीवरच्या ताटांमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घातलेले होते. मुलगी शाळेचे बूट हातात घेऊन भिंतीकडेने चालत होती. मला बघताच दोघी जागच्या जागी थांबल्या.

मुलीच्या डोळ्यांतली ती नजर मी लगेच ओळखली. मी पिऊन यायचो तेव्हा दार उघडताना तिच्या आईच्या डोळ्यांत तीच असायची. पण दारू सुटली त्याच वर्षी मुलीचा जन्म झाला होता. तिने मला प्यालेलं कधी पाहिलंच नव्हतं.

"हे फडकं कधीपासून बांधतेस?" मी विचारलं.

"तुम्ही वाचायला बसायला लागलात तेव्हापासून."

त्यानंतर मी आणखी एक चूक केली. त्याच आठवड्याच्या प्रार्थनासभेत उभा राहिलो आणि नळाची सगळी हकिगत साक्ष म्हणून सांगितली. बायका पुन्हा रडल्या. घरी परतताना बायको एक शब्द बोलली नाही. कुलूप काढताना मात्र म्हणाली, "आधी आम्हाला सांगायचं होतं."

त्या रात्री जक्कयाची गोष्ट मला पहिल्यांदा उलगडली. लूकच्या शुभवर्तमानातल्या या जकातदाराला येशूने उंबराच्या झाडावरून खाली बोलावलं आणि येशू स्वतः त्याच्या घरी उतरला. जक्कयाने ज्यांना लुबाडलं होतं त्यांना चौपट परत करायचं ठरवलं. त्याचा पश्चात्ताप ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यापर्यंत जाणारा होता. माझा पश्चात्ताप मंडळीपर्यंत पोचला होता, ओट्यापर्यंत पोचला नव्हता.

आम्ही नारायण वामन टिळकांची भजनं गातो. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधल्या वर्षांत त्या बाईने काय सोसलं, टिळक किती तापट होते आणि तितकेच मोठ्या मनाचे कसे होते, हे आपल्याला त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रामुळे कळतं. लक्ष्मीबाईंनी काही झाकलेलं नाही, तरी पुस्तक मिटताना टिळकांविषयीचा आदर वाढलेला असतो. माणूस बदलला की नाही, ते त्याच्या घरच्यांनी सांगायचं असतं, हे मी त्या पुस्तकातून शिकलो.

मी दोघींची माफी मागितली, ओट्याशी उभं राहून, एकेकीची वेगळी. साक्ष देणं बंद केलं. पाणी मी भरू लागलो आणि वाचन त्यानंतर. माझा राग एका दिवसात गेला नाही. अजूनही कधी कधी आवाज चढतो. पण आता चढला की त्याच दिवशी माफी मागतो आणि त्यात देवाचं नाव मधे आणत नाही.

फडकं मी स्वतः सोडलं नाही. ते सोडायचा हक्क माझा नव्हता. मी पाणी भरत होतो तरी बायको ते रोज रात्री धुऊन पुन्हा बांधायची. माफीने भीती लगेच जात नाही, ती आपल्या गतीने जाते. जवळजवळ दीड वर्षाने एका पहाटे उठलो तर नळ मोकळा होता. हंड्यात पाण्याची धार धो धो पडू लागली. आतून मुलगी झोपेतच ओरडली, "पप्पा, केवढा आवाज!"

मी नळ बारीक केला.